खातं बाईचं, बोट कुणाचं?

भिशीवाली पळाली, बिल्डरने पैसे घेतले आणि इमारत जोत्यावरच राहिली, दीर सोनं परत देत नाही, नवरा पगार घरात देत नाही. वसई, नालासोपारा, विरारमध्ये काम करणाऱ्या कुठल्याही कार्यकर्तीला ही यादी तोंडपाठ असते. गेल्या काही वर्षांत तिच्यात एका नव्या तक्रारीची भर पडली आहे. बाई पिशवीतून घडी घातलेला कागद काढते. कागद आयकर खात्याच्या पत्राची झेरॉक्सच्या दुकानातून काढलेली प्रत असते. नाव तिचं, पॅन नंबर तिचा, आणि आकडे लाखांतले. बाई वालीवच्या एका गाळ्यात इमिटेशन दागिन्यांना खडे चिकटवते. "ताई, मी जन्मात शेअर घेतला नाही," ती सांगते, आणि ते खरं असतं. शेअर्सची उलाढाल तिच्या नावावर झाली आहे, हेही तितकंच खरं असतं.

थोडं विचारलं की उलगडा होतो. नवऱ्याने किंवा मुलाने एक दिवस सांगितलेलं असतं, आधार कार्ड दे, पॅन कार्ड दे, जरा फोनकडे बघ, डोळे मिचकाव, कोऱ्या कागदावर सही कर. दहा मिनिटांत डीमॅट खातं उघडलेलं असतं. कारणं निरनिराळी सांगतात. नव्या कंपनीचा आयपीओ येतो तेव्हा एका पॅन नंबरवर एकच अर्ज करता येतो, म्हणून बायकोच्या, आईच्या, वहिनीच्या नावाने अर्ज टाकले की शेअर लागण्याची शक्यता वाढते. कुणाचं स्वतःचं खातं तोट्यात बुडालेलं असतं. कुणाला आपला व्यवहार घरात किंवा नोकरीच्या ठिकाणी दिसू द्यायचा नसतो. कारण कुठलंही असो, बाईकडून हवं असतं ते तिचं नाव, तिचा चेहरा आणि तिची सही. तिचं मत कुणालाच नको असतं.

याचा अर्थ स्वस्तातले ऑनलाइन ब्रोकर ही वाईट गोष्ट आहे, असा काढायला मी तयार नाही. उलट ते काय घेऊन आले हे आधी नीट समजून घ्यावं लागेल, कारण आपल्या चळवळीत शेअर बाजाराचा विषय निघाला की एक तर नाक मुरडलं जातं किंवा विषय बदलला जातो.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी शेअर घ्यायचा म्हणजे फोर्टातल्या दलालाची ओळख लागे. ती ओळख घरातल्या पुरुषाची असे. कागदी सर्टिफिकेटं, ट्रान्सफरचे फॉर्म, सही जुळली नाही म्हणून परत आलेले कागद, हे सगळं विरारच्या गाडीतून उतरून घर गाठणाऱ्या बाईच्या आवाक्याबाहेरचं होतं. हर्षद मेहताचा घोटाळा एप्रिल १९९२ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'तून उघड केला तो सुचेता दलाल या बाईने, पण त्या बाजारात व्यवहार करणाऱ्या बायका शोधाव्या लागत. नंतर गोष्टी भराभर बदलल्या. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात पडद्यावर खरेदी-विक्री सुरू झाली, १९९६ मध्ये डिपॉझिटरीचा कायदा आला आणि शेअर कागदावरून खात्यात गेले. २०१० मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या झिरोधाने टक्केवारीची दलाली मोडून एका व्यवहाराला जास्तीत जास्त २० रुपये घ्यायला सुरुवात केली, आणि २०१५ च्या अखेरीस शेअर विकत घेऊन ठेवणाऱ्यांची दलाली शून्यावर आणली. मग इतरही त्या रांगेत आले. मार्च २०२० मध्ये देशात चार कोटींच्या आसपास डीमॅट खाती होती; २०२५ मध्ये ती वीस कोटींच्या पुढे गेली.

म्हणजे आज अर्नाळ्याच्या बाईला पाचशे रुपयांचा शेअर घ्यायचा असेल तर तिला कुणाची ओळख नको, फोर्ट नको, आणि 'मॅडम, मिस्टरांना घेऊन या' असं सांगणारा माणूसही नको. हे थोडं नाही. बँकेत, रेशन दुकानात, तहसीलदार कचेरीत हे वाक्य ऐकत आपल्या पिढ्या गेल्या.

आणि बाजार बायकांना कळत नाही, हे तर मला कुणी सांगूच नये. अर्नाळा, पाचूबंदर, नायगावच्या बंदरावर होडी लागली की म्हावऱ्याचा लिलाव होतो तेव्हा तिथे उभं राहून बघा. मासेमारी पुरुषांची, पण भाव बायकांचा आणि पैसाही बायकांच्या कमरेला. आज पापलेट कमी आलंय, उद्या अमावस्या आहे, दादरला कालच माल जास्त गेला, हे सगळं डोक्यात धरून कोळीण बोली लावते. शेअर बाजारात ऑर्डर दोन प्रकारे देता येते. एक म्हणजे 'जो भाव असेल त्याला घे', तिला मार्केट ऑर्डर म्हणतात. दुसरी 'अमुक भावाला मिळालं तरच घे, नाहीतर राहू दे', ती लिमिट ऑर्डर. आमच्या एका बैठकीत हे सांगितल्यावर मच्छी विकणारी एक मैत्रीण पटकन म्हणाली, "मग पहिली कोण मूर्ख देतं?" ते शिकवायला आम्ही फळ्यावर चित्रं काढणार होतो, ती तशीच राहिली.

स्वस्त या शब्दाची मात्र झाडाझडती घ्यायला हवी. दलाली शून्य म्हणजे खर्च शून्य नाही. घेताना आणि विकताना शेअरच्या किमतीवर ०.१ टक्का व्यवहार कर सरकार घेतं, शिवाय शेअर बाजाराचे आकार, मुद्रांक शुल्क, आणि दलाली असेल तर तिच्यावर १८ टक्के जीएसटी. खात्यातून शेअर विकला की डिपॉझिटरीचा आकार वेगळा लागतो, तो एक शेअर विका की शंभर, साधारण पंधरा-वीस रुपये. तीनशे रुपयांचा एकच शेअर घेऊन तीनशे दहाला विकला तर दहा रुपये फायदा झाला असं फोन हिरव्या अक्षरांत सांगेल. प्रत्यक्षात पदरचे गेलेले असतील. खातं चालवण्याचा वार्षिक आकारही असतो. पण सप्टेंबर २०२४ पासून मूलभूत सेवा डीमॅट खात्यात चार लाखांपर्यंतच्या शेअर्सना तो आकार लागत नाही. त्यासाठी त्या पॅनवर एकच खातं असायला हवं. ज्या बाईच्या नावाने घरच्यांनी तीन ठिकाणी खाती उघडलीत, तिची ही सवलत तिला कळायच्या आत गेलेली असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नाव बाईचं आणि कारभार पुरुषाचा, हे आपल्याला नवं नाही. १९९३ च्या घटनादुरुस्तीनंतर गावोगाव बाई सरपंच झाली आणि तिच्या मागोमाग 'सरपंचपती' नावाचं पद आपोआप तयार झालं. २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. आपल्या भागात फ्लॅटच्या करारांवर त्यामुळे बायकांची नावं दिसू लागली, पण अशा किती घरांत कराराची फाइल बाईच्या कपाटात आहे, हे आपापल्या गटात विचारून बघा. शेअर बाजाराचे आकडे तर मोठ्या कौतुकाने सांगितले जातात, की देशातल्या दर चार गुंतवणूकदारांत जवळपास एक स्त्री आहे. ही मोजणी नावांची आहे. बटण दाबणारं बोट कुणाचं, हे कुठल्याही आकडेवारीत येत नाही. सरपंचपतीला निदान गाव ओळखतं. या डीमॅटपतीला कुणीच बघत नाही, कारण तो घरात, फोनवर, बंद दाराआड काम करतो.

आणि त्याची सोय नियमातच आहे. खात्यात व्यवहार झाला की खातेदाराच्या मोबाइलवर आणि ईमेलवर संदेश गेला पाहिजे, असं सेबीने ठरवलेलं आहे, चांगलंच आहे. पण २०११ च्या परिपत्रकात एक पळवाट ठेवली. अपवाद म्हणून, खातेदाराच्या लेखी विनंतीवरून, एकाच कुटुंबातल्या माणसांसाठी एकच नंबर चालतो. कुटुंब म्हणजे स्वतः, जोडीदार, अवलंबून असलेली मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील. फोन नसलेल्या म्हातारीसाठी ही सोय असेल, मला मान्य आहे. पण व्यवहारात काय होतं? अर्ज भरताना 'हा नंबर कुणाचा' याखाली 'जोडीदाराचा' वर खूण होते, ती खूणही नवराच करतो, आणि तिथून पुढे बाईच्या खात्याचा प्रत्येक ओटीपी, प्रत्येक कॉन्ट्रॅक्ट नोट, प्रत्येक महिन्याचं विवरण नवऱ्याच्या खिशात जातं. बाईला आपल्या नावाने काय चाललंय ते कळायचा एकच रस्ता उरतो, आयकर खात्याचं पत्र.

पुरुष तिच्या खात्यात काय करतात, तेही सांगायला हवं. चांगल्या कंपन्यांचे शेअर घेऊन दहा वर्षं ठेवत असते तर ही तक्रार इतकी तीव्र झाली नसती. बहुतेक ठिकाणी चालतं ते फ्युचर्स-ऑप्शन्स. शेअर घ्यायचा नाही, तो अमुक दिवसापर्यंत वर जाईल की खाली यावर पैसे लावायचे, आणि त्या दिवशी अंदाज चुकला तर लावलेले पैसे शून्य. त्यात ऑप्शन विकणारा असेल तर लावलेल्यापेक्षाही जास्त. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणारे एक कोटीहून अधिक वैयक्तिक ग्राहक पाहिले. त्यांतले ९३ टक्के तोट्यात होते. सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. २०२३-२४ मध्ये या ग्राहकांपैकी तीन चतुर्थांश लोकांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांपेक्षा कमी दाखवलं होतं. म्हणजे विरार लोकलमध्ये लोंबकळणारी माणसंच ही. पुढच्या वर्षी करारांचा आकार वाढवला, दर आठवड्याच्या एक्स्पायऱ्या कमी केल्या. तरी २०२४-२५ मध्येही दहातले नऊ तोट्यातच राहिले.

त्याच अभ्यासात २०२३-२४ साठी पुरुषांतले जवळपास ९२ टक्के आणि बायकांतले ८६ टक्के तोट्यात, असं म्हटलं आहे. सरासरी तोटाही बायकांचा कमी. यावरून 'बायका सावध असतात' असे लेख लगेच छापून आले. मला त्यात फारसा आनंद वाटत नाही. त्या ८६ टक्क्यांतल्या किती जणींना आपण तोट्यात आहोत हे माहीत होतं?

हा तोटा भरून कुठून येतो? पहिल्यांदा पगारातून, मग क्रेडिट कार्डावरून, मग मित्रांकडून, आणि शेवटी सोन्यातून. बाईच्या पाटल्या सोनं तारण घेणाऱ्या कंपनीत जातात आणि तिला सांगितलं जातं की बँकेत लॉकर घेतलाय. आमच्याकडे येणाऱ्या मारहाणीच्या तक्रारींत 'दारू पितो' या जागी 'दिवसभर मोबाइल बघतो आणि साडेतीननंतर चिडतो' असं ऐकू येऊ लागलं, तेव्हा साडेतीनचा अर्थ आम्हाला उशिरा लागला. साडेतीनला बाजार बंद होतो.

काही सहकारी मैत्रिणी म्हणतात, हा सट्टा आहे, मध्यमवर्गाचं दुखणं आहे. आपण रोजगार हमी, रेशन, अत्याचार यांवर काम करावं. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण पैसा बाजाराबाहेर ठेवला की सुरक्षित, हेही वसईच्या बायकांना आता सांगता येत नाही. वसई-विरार पट्ट्यात मोठ्या जमिनी बाळगणाऱ्या एचडीआयएलचा शेअर २००७ मध्ये ५०० रुपयांना विकला गेला होता. २०१९ मध्ये तो काही रुपयांवर आला. ज्यांनी तो शेअर कधी बघितलाही नाही त्यांचेही पैसे त्याच वर्षी अडकले, कारण पीएमसी बँकेने आपल्या कर्जांतला फार मोठा हिस्सा याच कंपनीला दिला होता. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सुरुवातीला खातेदाराला आपल्याच खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. त्या रांगांत पेन्शनवर जगणाऱ्या बायका होत्या. बाजार आपल्या घरात आधीच आहे, आपण त्याच्याकडे बघतो की नाही एवढाच प्रश्न आहे.

कायद्यानेही त्याच्याकडे बघितलेलं आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा आपण सगळ्या वापरतो, पण त्यातलं आर्थिक छळाचं कलम आपण पोटगीपुरतंच वाचतो. त्या व्याख्येत घरातल्या वस्तू, मौल्यवान चीजा आणि स्त्रीधनाबरोबर शेअर, सिक्युरिटीज, बाँड हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. बाईचा हक्क किंवा हितसंबंध असलेले शेअर परस्पर विकणं, हा त्या कायद्यानुसार छळ ठरतो. संरक्षण आदेशात मालमत्ता विकण्याला आणि बँक खाती वापरण्याला मनाई मागता येते. स्त्रीधन नवऱ्याच्या घरी ठेवलं म्हणून त्याचं होत नाही, हे तर सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात १९८५ मध्येच सांगितलं आहे. पुढच्या अर्जात सोन्याच्या यादीखाली डीमॅट खात्याचीही ओळ घाला. पुरावा गोळा करणं वाटतं तितकं अवघड नाही: पॅनवर जितकी डीमॅट खाती आणि म्युच्युअल फंड आहेत त्यांचं एकत्रित विवरण डिपॉझिटरीकडून मिळतं, आणि ज्याच्या नावाने खातं आहे त्याला ब्रोकरकडून सगळ्या व्यवहारांची नोंद मागण्याचा हक्क आहे. ब्रोकर दाद देत नसेल तर सेबीच्या 'स्कोअर्स'वर तक्रार करता येते.

वारसाबद्दलही गैरसमज फार आहेत. नॉमिनी म्हणजे मालक, असं घरोघर समजलं जातं. नवरा गेल्यावर 'नॉमिनी मी आहे' म्हणून दीर शेअर घेऊन बसतो आणि बाई गप्प राहते. १४ डिसेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने शक्ती येझदानी खटल्यात शेअर्सच्या बाबतीत हे स्पष्ट केलं की नॉमिनी हा सांभाळणारा. मालकी मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे जाते. एकट्या राहणाऱ्या मैत्रिणींसाठी याची दुसरी बाजूही आहे. भाचीचं नाव नॉमिनी म्हणून घातलं म्हणजे शेअर तिला मिळतीलच असं नाही, त्यासाठी मृत्युपत्र करावं लागेल.

सही देऊन टाकण्याची किंमत बायकांनाच मोजावी लागते असंही नाही. कार्वी या मोठ्या ब्रोकरने ग्राहकांकडून घेतलेल्या मुखत्यारपत्राचा गैरवापर करून हजारो ग्राहकांचे शेअर गहाण टाकले, हे २०१९ मध्ये उघड झालं. तेव्हा देशभर ओरड झाली, नियम बदलले, आता शेअर तारण ठेवायला खातेदाराचा ओटीपी लागतो. पुरुषांची सही चोरली गेली तेव्हा तो घोटाळा ठरला. बायकोची सही रोज वापरली जाते, त्याला घरचा मामला म्हणतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. गटांनी शेअर घ्यायला सांगू नये, घेऊ नका असंही सांगू नये. तो सल्ला देण्याचं काम आपलं नाही, आणि व्हॉट्सॲपवर तो फुकट देणारे लोक बहुतेक वेळा लुबाडणारेच असतात. पण प्रत्येक गटाने एक दिवस घालावा. बायकांनी आपापला फोन आणि पॅन कार्ड घेऊन यावं, आपल्या नावाने किती खाती आहेत ते विवरणात बघावं, नको असलेली बंद करण्याचा अर्ज तिथेच भरावा, आणि हवं असलेलं एक खातं स्वतःच्या नंबरवर आणावं. फ्युचर्स-ऑप्शन्सची सोय खात्यात वेगळी चालू करावी लागते. ती चालू आहे का ते पाहावं. कुणी रागावेल, घरात भांडण होईल. ज्या बाईला त्या भांडणात मार बसण्याची भीती आहे तिने हे एकटीने करू नये, गटाने आधी तिच्या राहण्याची सोय बघावी आणि मग खात्याकडे वळावं.

आणि सेबीला एक पत्र जावं, वसई-विरारच्या सगळ्या गटांच्या सह्यांचं. जोडीदाराच्या नंबरची मुभा ठेवायची असेल तर ती 'लेखी विनंती' बाईने स्वतः, तिला वाचता येईल अशा भाषेत केलेली हवी. ब्रोकरने तिच्याशी स्वतंत्रपणे बोलून खात्री करावी. दर सहा महिन्यांनी विवरण कागदावर, तिच्या नावाने, पोस्टाने यावं. आणि पुढे कधी तिला नवऱ्याचा नंबर काढून स्वतःचा घालावासा वाटला, तर त्यासाठी नवऱ्याच्या फोनवर आलेला ओटीपी मागितला जाऊ नये.